बाळ झोपलंय, बेल वाजवू नये

मित्रांनो, बोट बाहेर टेकतं आणि हाक आत उठते. त्या दोघांच्या मधे जी असते ती मी. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराची जुनी बेल. हल्लीच्या बेलना पाखरांची किलबिल येते, गाण्याच्या धून येतात. मला त्यातलं काही येत नाही. माझ्याकडे एक पितळी वाटी आहे आणि तिच्यावर आपटणारा बोटाच्या पेराएवढा टोला. बटण दाबलं की मी 'टर्रर्र' करते, सोडलं की गप्प. एवढ्याच विद्येवर मी इतकी वर्षं काढली.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. वाट्या ठोकणारे वेगळे, तार गुंडाळणाऱ्या बायका वेगळ्या. शेवटी आम्ही सगळ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या टेबलावर जमत असू. तो डोळे मिटून एकेकीला वाजवून बघे. एखादी कर्कश वाटली तर तिचा टोला किंचित वाकवी, एखादी मंद वाटली तर वाटीचा स्क्रू सैल करी. मला ऐकून त्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, "ही जरा आगाऊ आहे. असू दे, कुणाच्या तरी कामाला येईल."

आलेच. मला ज्यांनी विकत घेतलं त्या आजोबांना कमी ऐकू येत असे. त्यांनी दुकानातल्या सगळ्या बेल वाजवायला लावल्या आणि जिच्या आवाजाने दुकानदाराने कपाळाला आठी घातली ती, म्हणजे मी, पसंत केली. दाराच्या चौकटीवर, झरोक्याशेजारी त्यांनी मला स्वतःच्या हाताने बसवलं. मग स्वतःच बाहेर जाऊन बटण दाबायचे आणि आत येऊन बायकोला विचारायचे, "वाजली का?" ती म्हणायची, "तिन्ही मजल्यांना कळलं वाजली ते. आता आत या, लोक दारं उघडून बघताहेत."

त्या चौकटीवर बसून मी एक गोष्ट शिकले. माणसाचं मन त्याच्या बोटात उतरतं. दिवसभर वरिष्ठांची बोलणी खाऊन आलेला माणूस बटण दाबत नाही, खुपसतो. उसनं मागायला आलेली शेजारीण बटणाला नुसती हळद लावल्यासारखं बोट लावते आणि मागे सरकते. आणि आतलंही तसंच. माझा सूर एकच, पण तोच सूर ऐकून कुणी पदराला हात पुसत धावतं, तर कुणी आतल्या खोलीत जाऊन बसतं. सुख वाटायचं की धडकी भरायची, ते मी ठरवत नाही. घरातली त्या वेळची हवा ठरवते.

आजोबा-आजी गेले. घर त्यांच्या मुलाचं झालं. तो छापखान्यात कामाला. त्याची बायको एका कंपनीसाठी घरूनच फोनवर काम करणारी. पाणी गाळायची यंत्रं विकणारी कंपनी, आणि यंत्र बिघडलं की लोक हिला फोन करणार. कानाला हेडफोन लावून ती हॉलच्या कोपऱ्यात बसे आणि दिवसभर म्हणे, "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत." इतकं गोड म्हणे की चिडलेला माणूसही शेवटी तिलाच 'सांभाळून राहा ताई' म्हणून फोन ठेवी.

आणि त्यांची मुलगी. तिचे बाबा तिला 'भोंगा' म्हणत. शाळेची गाडी खाली थांबली की तळमजल्यावरूनच तिची बातमीपत्रं सुरू होत. आज कोण पडलं, कोणाचा दात हलतोय, कोणी कोणाशी कट्टी घेतली. दुसऱ्या मजल्यापर्यंत येता येता सगळी इमारत शहाणी होई. बटणापर्यंत हात पुरत नसे, म्हणून ती पाण्याच्या बाटलीच्या बुडाने मला वाजवी. एका वेळी मीही वाजते आणि तीही, असे ते दिवस. मला ती माझ्याच कारखान्यातून सुटलेली वाटे.

मग घरात बाळ आलं.

बाळ गोड होतं, पण त्याची झोप म्हणजे दुधावरची पातळ साय. भांड्यावर चमचा ठेवला तरी तुटायची. आणि एकदा तुटली की आईचा पुढचा सगळा दिवस तुटायचा. एका कानात ग्राहक, दुसऱ्या कानात रडणं, ओट्यावर काहीतरी उतू जाणारं, आणि त्यात मी 'टर्रर्र' केलं की ती अशी दचके की माझाच टोला आखडून जाई. प्रथम दारावर कागद लागला, 'बाळ झोपलंय, बेल वाजवू नये.' पण सामान घेऊन येणाऱ्यांना कागद वाचायला सवड नसते. मग एका सकाळी बाबा स्टुलावर चढले आणि जुन्या बनियनची एक चिंधी माझ्या वाटीत कोंबून त्यांनी वर दोरा गुंडाळला. "झालं," ते म्हणाले. "आता कितीही दाबा."

आता बटण दाबलं की मी नुसती 'थड थड' करत असे. उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं.

मला वाटलं होतं, आईला बरं वाटेल. तसं झालं नाही. पूर्वी मी वाजले की ती उठे, आता न वाजताच उठू लागली. कुणी आलं असेल आणि आपल्याला कळलंच नसेल तर? दर थोड्या वेळाने ती चवड्यांवर चालत दाराशी येई, दाराच्या गोल भोकातून बाहेर बघे, कुणी नसे, परत जाई. माझा आवाज काढून बाबांनी तो तिच्या डोक्यात बसवला होता, आणि तिथे चिंधी कोंबायला जागा नव्हती.

आणि घरभर एकच शब्द फिरू लागला. हळू. हळू चाल. हळू ठेव. हळू बोल, बाळ झोपलंय. हळू बोल, आईचा फोन चालू आहे. कुणी रागावून म्हणत नव्हतं, मित्रांनो. मायेनेच म्हणत होते. पण दिवसभर थेंब थेंब पडणारं पाणी मायेचं असलं तरी दगडावर खळगा पाडतंच.

भोंग्याची बातमीपत्रं आधी पहिल्या मजल्यावर थांबली, मग तळमजल्यावरच. मग ती दारातून आत येताना बूट हातात घेऊन येऊ लागली. शेजारपाजारचे म्हणू लागले, "मोठी बहीण झाल्यापासून किती शहाणी झाली हो पोरगी. आवाज म्हणून नाही." आईला ते ऐकून बरं वाटे. बाबांनीही कधी तिला भोंगा म्हणणं सोडलं ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते आत्याच्या. बाबांची ही थोरली बहीण कापडाच्या गिरणीत मागावर काम करायची. मागांच्या खडखडाटात वर्षं गेल्यामुळे तिचं साधं बोलणं म्हणजे दुसऱ्याचं भांडण. ती दोन दिवस राहायला आली आणि पहिल्याच दुपारी कंटाळली.

"अगं, घर आहे का वाचनालय?" ती आईला म्हणाली.

"ताई, हळू, बाळ..."

"बाळ झोपलंय, माहीत आहे. दारावर पाटी आहे, बेलला फाशी दिलीय, पोरगी मांजरीसारखी चालतेय. तेवढं कावळ्यांना सांगायचं राहिलंय." मग मुलीकडे वळून, "काय गं, तुझा आवाज कुठे गहाण ठेवलास?"

मुलीने आत्याच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं. आत्याला ऐकू आलं नाही. "काय?" मुलीने पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मुलगी नुसती हसली आणि आत गेली. आत्याने वहिनीकडे बघितलं.

आत्या गेली आणि थोड्याच दिवसांत एका दुपारी माझ्या बटणावर एक अनोळखी बोट टेकलं. मी थडथडले. बोट थांबलं, पुन्हा टेकलं, आणि शेवटी दारावर टकटक झाली. मुलीच्या वर्गाच्या बाई होत्या. मुलीचा हात धरून स्वतः घरी सोडायला आल्या होत्या.

"घाबरू नका, ती ठीक आहे," बाई दारातच म्हणाल्या. "पण वहीत लिहून पाठवण्यासारखं नव्हतं म्हणून आले. मधल्या सुट्टीत ही बाथरूममध्ये गेली आणि कडी अडकली. सुट्टी संपली, वर्ग भरला, आम्ही शोधतोय. शेवटी झाडणाऱ्या मावशींना दाराखालून बूट दिसले. ही आत गुपचूप बसलेली."

"रडत होती?"

"नाही. तेच तर. मी विचारलं, ओरडली का नाहीस गं? तर म्हणाली, कुणी झोपलं असलं तर?"

आईने चौकटीला हात लावला. मला तो हात जाणवला, कारण मी त्याच लाकडावर आहे.

"वर्गातही हल्ली कुजबुजतेच," बाई हळूच म्हणाल्या. "तिच्या ओठांजवळ कान न्यावा लागतो. मला वाटलं लाजते आहे. पण हे वेगळं आहे हो. उद्या रस्त्यात काही झालं तर ही हाकसुद्धा मारायची नाही."

बाई गेल्या. आई दार लावायला विसरली. आजवर तिने काय काय जपलं होतं, बाळाची झोप, नोकरी, शेजाऱ्यांचं मत. आणि मुलगी तिच्या डोळ्यांदेखत विझत चालली होती, तर आई समजत होती की ती शहाणी होतेय.

त्या आठवड्यात तिने लेकीला मांडीवर घेऊन चारदा समजावलं. "मोठ्याने बोललीस तरी चालेल हं राणी." मुलगी मान डोलावी आणि कुजबुजत "हो" म्हणे. सांगून गेलेला आवाज सांगून परत येत नव्हता.

मग ती दुपार आली. बाळ झोपलेलं, आईचे दोन फोन संपून तिसरा यायचा होता. सवयीने ती दाराशी आली आणि भोकाला डोळा लावला. या वेळी बाहेर कुणीतरी होतं. तिची लेक जिन्याच्या पायरीवर पाठमोरी बसली होती, समोर कापडी ससा. झरोक्यातून मला सगळं ऐकू येत होतं, आणि खाली उभ्या आईलाही.

"नमस्कार, बोला, मी आपली काय मदत करू?" मुलगी कुजबुजली. आवाज चोरटा, पण गोडवा थेट आईचा. मग ससा जाड कुजबुजीत म्हणाला, "आमच्याकडची मुलगी वाजत नाही हो."

"आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत. एकदा बंद करून परत चालू करून बघा."

"बघितलं. तरी नाही वाजत."

"बरं, मग माणूस पाठवते."

"कधी येईल माणूस?"

मुलीने थोडा विचार केला. "बाळ मोठं झालं की."

आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिसरा फोन वाजू लागला होता, तो तिने वाजू दिला. दार उघडून ती लेकीच्या शेजारी पायरीवर बसली.

"माणूस आलाय, ताई," ती म्हणाली. "काय तक्रार आहे?"

मुलीने ससा पाठीमागे लपवला. मग काहीतरी पुटपुटली.

"मला ऐकू आलं नाही."

"बाळ उठेल."

"उठू दे."

मुलगी आईकडे टक लावून बघत राहिली. हे खरं की परीक्षा, ते तिला कळेना. मग तिने तोंड उघडलं, मान ताणली, आणि बाहेर आली तीच कुजबुज. तिचे डोळे भरले. "येत नाही."

"नाही आला तर नाही आला," आई म्हणाली. "माणूस उद्या परत येईल. आमच्या कंपनीत तसंच असतं, बरं होईपर्यंत यायचं."

मित्रांनो, ही गोष्ट मी सांगते आहे ती या बाईच्या कौतुकासाठी. कारण यापुढे तिने जे केलं ते दिसायला काहीच नव्हतं. त्याच संध्याकाळी ती स्टुलावर चढली, दोरा कापला आणि माझ्या वाटीतली चिंधी ओढून काढली. बाबा खालून स्टूल धरून उभे. "अगं, पण बाळ?"

"बाळाला पुढे आवाजातच राहायचंय. आपण किती जणांना चिंध्या बांधणार?"

"आणि तुझी झोप?"

"ती तशीही कुठे आहे."

पहिले दिवस वाईट गेले. मी वाजे, बाळ किंचाळे, आई त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घाली. 'हळू' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत येई आणि ती तो गिळून टाकी. मी प्रत्येक वेळी बघत होते. कंपनीत वरच्या बाईंशी बोलून तिने फोनची वेळ मुलीच्या शाळेच्या वेळेवर आणून बसवली. वरच्या बाई कुरकुरल्या, तेव्हा हिने आपल्या त्याच गोड आवाजात सांगितलं, "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहे, पण मला जमणार नाही."

आणि ती लेकीकडे लक्ष देऊ लागली. नुसतं बघत राहणं नव्हे, शोधणं. एकदा मिक्सर चालू असताना मुलगी म्हणाली, "मला पण," आणि ते आईला स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. मिक्सर बंद झाला, आवाज पुन्हा खाली गेला. आईने काही दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी इमारतीचा पाण्याचा पंप सुरू व्हायच्या वेळेला बाळाला बाबांकडे देऊन ती लेकीला घेऊन गच्चीवर गेली. पंप घरघरू लागला की तिथे स्वतःचे विचारसुद्धा ऐकू येत नाहीत. त्या घरघरीत मायलेकी 'कंपनी-कंपनी' खेळू लागल्या. जिन्यातून मला तुकडे ऐकू यायचे. आधी नुसती आई. "मॅडम, काय बिघडलंय?" मग पंप. मग आई. मग एके दिवशी बारीक, चिरका, पण नक्की दुसरा आवाज. "नळ! नळ गळतोय!"

तळमजल्यावरच्या शिंप्याने बाबांना विचारलं, "दोघी रोज गच्चीवर काय भांडतात हो?"

"भांडत नाहीत," बाबा म्हणाले. "सर्व्हिसिंग चालू आहे."

पण पंप थांबला की आवाज थांबे. जिना उतरताना पुन्हा कुजबुज. आई निराश होत नसे असं नाही. एकदा ती माझ्याखाली दाराला पाठ टेकून बाबांना म्हणाली, "आयुष्यभर पंपाखालीच बोलणार का ही?" दुसऱ्या दिवशी पंपाच्या वेळेला ती पुन्हा गच्चीवर होती.

मग एका दुपारी वीज गेली. इमारतीतले पंखे, फ्रिज, वरच्या मजल्यावरचा रेडिओ, सगळं एकदम थांबलं. इतकी शांतता की बाळाचा श्वास हॉलमध्ये ऐकू येत होता. आणि मी, चिंधी नसूनही, मुकी. खाली शाळेची गाडी थांबली. पावलं वर आली. माझ्या बटणावर बाटलीचं बूड टेकलं. काही नाही. पुन्हा टेकलं. काही नाही.

आई दाराच्या आत उभी होती. तिने भोकातून बघितलं होतं, हात कडीवर होता. मित्रांनो, कडीवर हात असताना कडी न काढणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. तिची बोटं पांढरी पडली होती.

"आई," बाहेरून कुजबुज आली. दारातून आत यायलाही ती पुरली नसती, झरोक्यामुळे मला कळली. मग बोटांच्या पेरांनी टकटक. मग पावलं पायरीकडे गेली. मला वाटलं, आता ही बसेल. तशीच बसेल, कुणाला तरी दाराखालून बूट दिसेपर्यंत.

दप्तर जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

"आई, दार उघड. मी आलेय." हे जरा मोठं होतं. मग श्वास. मग असा आवाज आला की झरोक्याची काच थरथरली. "आईऽऽ! दाऽऽर! मी बाहेर आहेऽऽ!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. शिंपी जिन्यात येऊन बघू लागला. आत बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. आईने दार उघडलं.

मुलगी दारात घाबरून उभी होती. "मी उठवलं त्याला," ती म्हणाली, पुन्हा हळू.

"उठवलंस खरं," आई म्हणाली. तिचे गाल ओले होते आणि ती ते पुसत नव्हती. "आता तूच जा आणि त्याला सांग कोण आलंय. मला नाही सांगता येणार तुझ्यासारखं."

मुलगी बूट पायात तसेच ठेवून धपधप आत गेली, आणि रडणाऱ्या बाळाला तिने मोठमोठ्याने सांगायला सुरुवात केली की आज कोणाचा दात पडला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. वायरमन म्हणतो, हिचे भाग मिळत नाहीत, नवी बसवा. बसवतील एखाद दिवशी. माझी वाटी पुसा असं मी सांगणार नाही, धुळीने माझं काही बिघडत नाही. पण घरातलं एखादं माणूस अचानक फार शहाणं झालं, चालताना वाजेनासं झालं, काही मागेनासं झालं, तर त्याची पाठ थोपटायच्या आधी आपण त्याला दिवसभर काय काय म्हणतो ते एकदा ऐका. मग त्याच्याजवळ बसा आणि विचारा. उत्तर लगेच येणार नाही. तरी दाराशी थांबा. ते जिना चढतंय.